शेंबी नसलेली काठी

मी घाटाची काठी आहे. वयाने जुनी, उंचीने आता तोकडी आणि खालच्या टोकाला झिजून बोथट झालेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात शेकडो हातांनी मला धरले. त्यांत शेतकऱ्यांचे राठ हात होते, कारकुनांचे मऊ हात होते, माहेरी निघालेल्या लेकीबाळींचे बांगड्या भरलेले हात होते. त्या हातांचे नाव, गाव, कूळ मी कधी विचारले नाही. काठीला ते विचारण्याचा अधिकार नसतो. परंतु एका भाद्रपदात ते माझ्या देखत विचारले गेले, आणि मलाच उगारून विचारले गेले. ती हकीकत तुम्हांला सांगावी, एवढ्यासाठी हा शब्दप्रपंच.

माझा जन्म धावड्याच्या झाडावर झाला. धावड्याचे लाकूड चिवट असते; ते वाकते, पण सहसा मोडत नाही. जानेफळाच्या अंगाने घाटाखाली उतरणारी एक जुनी बैलवाट आहे. तिच्या माथ्यावर कडूबा नावाचा गृहस्थ आपली पत्नी तानुबाई हिच्यासह राहत असे. थोडे शेत, एक म्हैस आणि कडुनिंबाखालचे खोपट, एवढाच त्यांचा संसार. कडूबाचे वडील तरुणपणी त्या उतारावर घसरले आणि जन्माचे अधू झाले. तेव्हापासून त्या घराने एक व्रत घेतले. घाटमाथ्यावर निंबाखाली एक ओटा बांधला, घाटाच्या पायथ्याशी मारुतीजवळ दुसरा बांधला, आणि दोन्ही ओट्यांवर मिळून अकरा काठ्या ठेवल्या. उतरणाऱ्याने वरची काठी घ्यावी आणि खाली ठेवून पुढे जावे. चढणाऱ्याने खालची घ्यावी आणि वर ठेवावी. मोल नाही, नोंद नाही, कोणाचा पहारा नाही. माझ्या आठवणीत त्या अकरांतील एकही काठी कधी हरवली नव्हती.

कडूबाने मला तासले, तेल पाजले, आणि लोहाराकडून माझ्या पायाला लोखंडी शेंबी बसवून आणली. दगडावर टेकताच ती शेंबी टणत्कार करी. मला तिचा फार अभिमान होता. तीच शेंबी एके दिवशी मला खाली मान घालायला लावील, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

ते एकोणीसशे पासष्ट साल होते. सीमेवर युद्ध पेटले होते. कडूबाचा एकुलता एक मुलगा किसना फौजेत होता, आणि महिना उलटून गेला तरी त्याचे पत्र आले नव्हते. बाजाराच्या दिवशी कडूबा जानेफळास जाई, तेथे रेडिओभोवती जमलेल्या लोकांत उभा राही आणि घरी येताना मनात एकेक नवे भय घेऊन येई. आकाशातून छत्रीने हेर उतरतात. ते आपल्याच भाषेत बोलतात. विहिरी आणि पूल कागदावर उतरवून घेतात. ही वार्ता ऐकल्यापासून त्याची दृष्टी पालटली. ओट्यावरची काठी उचलणाऱ्या प्रत्येक हाताकडे तो रोखून पाहू लागला. आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर माझेही मन गढूळ झाले. ज्या हाताने मला घडवले त्याचा संशय माझ्याही अंगात झिरपला.

अशा एका दुपारी दोन अनोळखी तरुण घाटमाथ्यावर आले. पायांत धुळीने माखलेल्या वहाणा, खांद्याला पिशव्या, अंगावर शहरी कपडे. तानुबाईने रीतीप्रमाणे आधी पाणी दिले, मग भाकर आणि ठेचा दिला. ते निंबाच्या सावलीत जेवायला बसले. कडूबा मला हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"कुठून येऊन राह्यले?"

"लोणारहून," दोघांतला उंच तरुण म्हणाला.

"पायी?"

"पायीच. शेगावला जायचं आहे."

"मोटार नाई का शेगावले?"

"आहे ना. पण चालायचं ठरवलंय."

कडूबाच्या कपाळावर आठी चढली. मोटार असताना जो पायी चालतो, त्याला काहीतरी पाहायचे असते, असे त्याचे मन त्याला सांगत होते.

"नाव काय तुह्यं?"

"वैजनाथ. अकोल्याचा. वडील कचेरीत कारकून आहेत."

"आन् ह्याचं?"

वैजनाथाने सोबत्याकडे पाहिले आणि तो ओशाळून हसला. "ठाऊक नाही."

"किती दिवस झाले संगं चालून?"

"आज तिसरा."

"तीन दिवस एका ताटात जेवता, आन् नाव ठाऊक नाई?"

"आमचं तसं ठरलंय, बाबा," वैजनाथ शांतपणे म्हणाला. "लोणारच्या तळ्याकाठी भेटलो. दोघंही आपापल्या घरच्या कटकटीतून उठून आलेलो. म्हटलं, शेगावपर्यंत कोणी कोणाला नाव-गाव विचारायचं नाही. जन्मापासून मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा पुतण्या. ते सगळं बाजूला ठेवलं तर मागे काय उरतं, ते चालून पाहावं."

"काय उरन?" कडूबा म्हणाला. "चोर उरन, नाई तं हेर."

तानुबाई चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही न पाहता म्हटले, "अवो, पोरं हायेत ते. भाकर तं खाऊ द्या."

"पोरंच असतात हेर. म्हातारे कोन पाठवते?"

"मंग तुमाले काई भेव नाई, तुमी तं म्हातारेच," तानुबाई म्हणाली.

वैजनाथाला हसू आले. कडूबाला ते हसू बोचले. त्याने माझ्या टोकाने दुसऱ्या तरुणाची पिशवी पुढे ओढली आणि उलटी केली. एक धोतर, एक चादर, एक वही आणि मेणकापडात गुंडाळलेले दोन कागद खाली पडले. कडूबा मराठी चौथी शिकलेला होता. त्याने वही उघडली. पानोपानी वाट काढलेली होती. कोठे विहीर, कोठे वड, कोठे नाला. मग त्याने दोन्ही कागद उन्हात धरले. एकावर नीळकंठ नाव होते, पुढे एका बापाचे नाव आणि एक आडनाव. दुसऱ्यावरही नीळकंठच, परंतु बाप निराळा आणि आडनावही निराळे.

"एक मानूस, आन् बाप दोन?" कडूबाचा आवाज चिरकला. "कोन बे तू?"

"सांगतो," असे म्हणून तो तरुण लगबगीने त्या कागदांकडे झुकला. कडूबाला वाटले, तो कागद हिसकून पळणार. त्याने मला उचलले, आणि माझी लोखंडी शेंबी त्या तरुणाच्या घोट्यावर आदळली.

मित्रांनो, चढ चढणाऱ्याला आधार द्यावा, एवढ्यासाठी माझा जन्म होता. त्या क्षणी मला हाडाचा स्पर्श कळला. तो दगडाच्या स्पर्शाहून फार वेगळा असतो.

पाय धरून तो खाली बसला. बोटांच्या फटींतून रक्त येत होते. मग तो म्हणाला, "दत्तक गेलो आहे, बाबा. नऊ वर्षांचा होतो. देऊळगावच्या काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, मूल नव्हतं, त्यांच्या मांडीवर दिलं मला. शाळेच्या दाखल्यावर जुनं नाव आहे, शेतीच्या कागदावर नवं. आता काकांना उतारवयात मुलगा झाला. ते म्हणतात, जा आपल्या घरी. आणि घरचे म्हणतात, तुला तर आम्ही देऊन टाकलं." त्याने वहीकडे बोट दाखवले. "त्यात चाललेली वाट काढली आहे, एवढंच. तुम्ही विचारलंत, कोण तू. तेच पाहायला निघालोय."

दत्तक म्हणजे काय, हे त्या मुलखात कोणाला सांगावे लागत नाही. कडूबाच्या स्वतःच्या भाऊबंदांत दोघे दत्तक आलेले होते. जे उत्तर त्याला सहज सुचावे, तेच भयापोटी त्याला सुचले नव्हते. तानुबाई उठली. लुगड्याचा पदर टराटरा फाडून तिने घोट्याला घट्ट बांधला. नवऱ्याकडे तिने पाहिले नाही.

परंतु संशय एकदा अंगात शिरला की सहजासहजी निघत नाही. कडूबाने कागद परत दिले, वही परत दिली आणि तो पुटपुटला, "कागद काय, कोनीबी लिहिते." मग त्याने मला त्या तरुणापुढे धरले. "हे घे. याच्याबिगर उतरता येनार नाई तुले. खाली मारुतीपाशी ठेवजो. ठेवली तं समजीन, तू खरा. नाई ठेवली, तं ठान्यात जाऊन तुह्ये दोन्ही नावं लिहून देईन."

"ठेवतो," नीळकंठ म्हणाला.

आम्ही उतरू लागलो. त्याचा सगळा भार माझ्यावर होता. दर पावलाला त्याचा श्वास अडखळे, आणि ज्या शेंबीने त्याला जखम केली तिच्याच आधाराने तो पुढचे पाऊल टाकी. अर्ध्या उतारावर वैजनाथ म्हणाला, "तर तू नीळकंठ."

"सध्या तरी."

"मग पुढं काय म्हणून हाक मारू?"

"आधी मारायचास तशी. शेगाव अजून आलं नाही."

पायथ्याशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. शेगाव अजून दीड दिवसाच्या चालीवर होते. वैजनाथाने सोबत्याच्या पायाकडे पाहिले. घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

"घेऊन चल काठी," तो म्हणाला. "त्याने मारलं, त्याची काठी नेली तर पाप नाही लागणार. येताना ठेवू."

नीळकंठ मला हातात धरून कितीतरी वेळ उभा राहिला. मला वाटले, हा नेणार. मीही त्याच्याविषयी संशयच घेतला, हे मी लपवीत नाही. मग त्याने मला मारुतीजवळच्या ओट्यावर नीट टेकवून उभे केले, वैजनाथाच्या खांद्यावर हात टाकला आणि तो लंगडत निघाला. जो मनुष्य त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता आणि जो तेथे पाहायलाही नव्हता, त्याला दिलेला शब्द त्याने असा पाळला. त्या दोघांना मी पुन्हा कधी पाहिले नाही.

मी ओट्यावर उभी राहिले. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. मला वर नेणारा कोणी येईना. त्याचे कारण मला मागाहून तानुबाईच्या तोंडून कळले. कडूबाने बाजारात जाऊन सांगितले होते की घाटातून दोन हेर उतरले. ती वार्ता गावोगाव पसरली, आणि लोकांनी भिऊन बैलवाट सोडून दिली. वर कडूबा रोज वाट पाही. काठी वर आली नाही, म्हणजे चोरीला गेली. चोरीला गेली, म्हणजे ते हेरच होते. त्याच्याच बोलण्याने वाट ओस पडली होती, आणि त्या ओस वाटेलाच तो पुरावा मानीत होता. खरे काय ते एकट्या मला ठाऊक होते, आणि मला वाचा नव्हती.

बाराव्या दिवशी कडूबा दुसरी काठी घेऊन घाट उतरला. ठाण्यात द्यायचा अर्ज त्याच्या बंडीच्या खिशात होता. मारुतीजवळ येताच त्याचे पाऊल थबकले. मी होते तेथेच, होते तशीच उभी होते. पावसाच्या एका सरीने माझे अंग धुतले होते, पण शेंबीच्या सांदीत रक्त सुकून काळे झाले होते.

तो माझ्याशेजारी बसला. धोतराच्या सोग्याने त्याने ती शेंबी पुसली. डाग गेला नाही. त्याने पुन्हा पुसली. ऊन कलेपर्यंत तो तेथेच बसून होता. मग खिशातला कागद काढून त्याने बारीक बारीक फाडला, दोन हातांत दोन काठ्या घेतल्या आणि तो घाट चढू लागला.

तानुबाई दारात उभी होती.

"होती?"

"होती. तिथंच होती."

एरवी नवऱ्याचे एकही वाक्य मोकळे न सोडणाऱ्या त्या माउलीने त्या दिवशी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी कडूबाने खालच्या ओट्यावरच्या काठ्याही वर आणल्या, अकराही अंगणात मांडल्या आणि एकेकीची शेंबी उपटून काढली. किसनाचे पत्र तोवर आलेले नव्हते. ते पुढे दिवाळीच्या तोंडावर आले. मुलाची काळजी उरात असतानाच त्याने हे केले, म्हणून मी त्याला थोर मानते. शेंबीवाचून काठ्या भराभर झिजू लागल्या. वाटसरू विचारीत, "काऊन काढली बुवा शेंबी? काठी टिकत नाई अशानं." कडूबा म्हणे, "झिजू द्या."

पुढे या घाटातही मोटाररस्ता झाला आणि बैलवाटेवर गवत वाढले. माझ्या दहा भगिनी झिजून संपल्या. कडूबा गेल्यावर तानुबाई मला घेऊन तुमच्या शाळेत आली आणि गुरुजींना म्हणाली, "नकाशा दाखवाले ठेवा हिले. पोराईले माराले नोका घेऊ." गुरुजींनी तो शब्द आजवर पाळला आहे.

मित्रांनो, पुरुषाच्या खांद्याला लागणारी मी झिजत झिजत आता तुमच्या उंचीची झाले आहे. माझे एक मागणे आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गावात कोणी अनोळखी आले, तर 'कोण बे तू' हे पाण्यानंतर विचारा, आणि हात रिकामा ठेवून विचारा. दुसरे मागणे लहानसे आहे. एखाद्या सुट्टीत मला घेऊन ती जुनी वाट उतरा, आणि मारुतीजवळच्या ओट्यावर मला उभी करून निघून या. वर कोण आणील, याची चिंता करू नका. कोणीतरी चढणारा येईल.