तांबड्या समुद्रातल्या शंखाचं झाकण

मी तांबड्या समुद्रातला काटेरी शंख बोलतोय. बोलायला आत आता कुणी नाही, हे खरं. पण माणसांनी माझ्याविषयी इतकं चुकीचं लिहून ठेवलंय, की गप्प बसवत नाही.

जिवंत होतो तेव्हा मला एक पाऊल होतं, कानशीसारखी जीभ होती आणि पावलाला चिकटलेलं जाड, तपकिरी झाकण होतं. संकट आलं की आत शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. जिभेने शिंपल्यांना भोकं पाडून मी ते खात असे, पण कधी कुणाचं नाव विचारलं नाही. माणसाला मात्र मारल्यावरही नाव लागतं.

सवाकिन बंदरातल्या एका कोळ्याने मला उकळलं, मांस खाल्लं आणि शंख-झाकण उस्ताद ओनूरना दिलं. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या खणातल्या डबीत असताना दूरदूरच्या पंडितांनी कधी काटे बघून, कधी जिभेवरचे दात बघून माझं गोत्र तीनदा बदललं. माझा एक काटाही हलला नाही.

निवृत्तीनंतर एकदा उस्तादांनी माझी डबी उघडली. झाकण नखासारखं वाकडं, कडेला दातेरी होतं. "बतूल, हा नवाच वंश आहे!" ते बायकोला ओरडून म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं शिकवली, आता एक स्वतःचं!

ते झाकण माझ्या तोंडात, आजोबांच्या चपलेत नातवाचा पाय हलावा तसं हलत होतं. उस्तादांनी लिहिलं, 'अपुरे झाकण, हे विशेष लक्षण.' वा रे विद्वान!

दोन वर्षं खपून लिहिलेला निबंध टपालात टाकण्याआधी काल त्यांनी बतूलला वाचून दाखवला.

"अहो उस्ताद, ते झाकण तर मी ठेवलंय."

"तू?"

"तुमच्या भाचीच्या लग्नात नवरीच्या धुपात शंखांची झाकणंच घालतात ना, तो नखला कमी पडला. डबीतलं तुमचं चांगलं जाडजूड होतं, भाजून कुटलं. रिकामी डबी बघून तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून नंतर बाजारातून आणलेल्या पुडीतलं एक टाकलं."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी? 'डबीला हात लावू नको', एवढंच सांगत आलात. आणि नवरीच्या ओढणीचा वास घेऊन कोण म्हणालं, असा धूप आईनंतर कुणाला जमला नाही?"

उस्तादांनी निबंध मिटून बाजूला ठेवला.

"पाठवा की," बतूल हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगत नाही."

त्यांनी मला उचलून माझ्या तोंडात पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस पाठवणार. मी माणसांना ओळखून आहे.

त्यांनी निबंध फाडला. परकं झाकण बतूलच्या हातात दिलं आणि डबीवरच्या चिठ्ठीतलं माझं नवं नाव खोडून खाली लिहिलं, 'झाकण नाही. भाचीच्या लग्नात धुपात जाळले. वास उत्तम.'

माझ्याविषयी माणसाने लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य. आता माझं तोंड असंच उघडं राहू द्या. कुणाचं दार आणून लावू नका.