रिकाम्या नळीतला उंचवटा

प्रयोगशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. चुंबकाने अणूंचे संकेत टिपणाऱ्या एनएमआर यंत्राच्या पडद्यावर साध्या पाण्याची रेघ जवळजवळ सपाट आली होती. कंपनमहाराजांनी फुंकर घातलेल्या पाण्याला मात्र चक्क उंटाएवढं वशिंड फुटलं.

"हायड्रोजन कुणीही बघतं," महाराज म्हणाले. "गेलेलं माणूस बोरॉनमध्ये वस्तीला येतं. ही त्याचीच कंपनं!"

विभागप्रमुख पहिल्या रांगेत हात जोडून उभे होते. हात मोकळे असते, तर कदाचित डोकं खाजवलं असतं.

यंत्र चालवणारीला सगळे चुंबकबाई म्हणत. नावात चुंबक, पण जवळ कुणी फिरकत नसे. घरी ती आणि तिचे वडील अण्णा, दोघंच. आई गेल्यापासून अण्णा बोलायचे ते फक्त महाराजांनी दिलेल्या पेलाभर पाण्याशी. हृदयाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या. "तुझी आई आहे ना माझ्याकडे बघायला!"

आत्ता ते गर्दीतून पडद्याकडे बघून हसत होते. ते हसू मोडायचं तिच्या जिवावर आलं. पण असले उंचवटे तिच्या रोजच्या ओळखीचे होते.

"महाराज, नळ्या तुमच्याच ना?"

"अर्थात! तुमच्या नळ्यांत रसायनं असतात, बाई. आमच्या शुद्ध."

तिने महाराजांच्या पाण्याची नळी चंचुपात्रात ओतली, कोरडी केली आणि तशीच रिकामी यंत्रात सोडली.

पडद्यावर तोच उंट.

"आता यात कोण उतरलंय वस्तीला?" मागून कुणीतरी विचारलं.

"काच," ती म्हणाली. "या काचेतच बोरॉन असतं. साधं पाणी होतं ती नळी क्वार्ट्झची, तिच्यात नसतं. दिसायला दोघी जुळ्या."

मग तिने महाराजांचं पाणी क्वार्ट्झच्या नळीत भरलं. रेघ निमूट आडवी झाली. महाराजांना मात्र आता खरोखरच कंप सुटला.

"पुन्हा कुणी चमत्कार दाखवला," ती गर्दीला म्हणाली, "तर आधी रिकामी नळी लावायला सांगा. विचारायला लाजू नका."

गर्दी पांगली. अण्णा तिथेच उभे.

"म्हणजे ती त्यात नव्हती?"

"नाही, अण्णा."

"मग मी इतके दिवस बोललो, ते कुणीच ऐकलं नाही?"

"मी ऐकत होते. शेजारच्या खोलीतून."

"मग ओ का दिली नाहीस?"

तिने पर्स उघडली. आत त्यांच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. एक काढून तिने पाण्याच्या बाटलीसह पुढे केली. अण्णांनी बाटलीतल्या पाण्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि त्याच्याशी काहीही न बोलता ते गोळीबरोबर पिऊन टाकलं.