रिकाम्या घरांचे दिवे

बाबा गेले त्याला महिना होत आला, तरी दिवस कलला की आई चाव्यांचा जुडगा धाकटीच्या हातात ठेवायची. "नीघ. अंधार पडायच्या आत शेवटची गल्ली व्हायला हवी."

धाकटी निमूटपणे निघायची. सूतगिरणी बंद पडली तशी निम्मी घरं पोटामागे शहरात गेली होती आणि चाव्या बाबांकडे ठेवून गेली होती. बाबा वायरमन, गावातल्या भिंतीभिंतीतून त्यांचा हात फिरलेला. मग प्रांताच्या नियोजन खात्याचा एक अधिकारी आला आणि सभेत नवं धोरण सांगून गेला. पैसा थोडा, गावं फार. तेव्हा रात्री आकाशातून फोटो काढणार. ज्या गावाचा उजेड वाढता, ते विकासकेंद्र. ज्याचा घटता, तिथलं रुग्णालय बंद.

त्या रुग्णालयात एक मशीन होतं. आईच्या मूत्रपिंडांनी केव्हाच हात टेकले होते. आठवड्यातून दोनदा त्या मशीनवर तिचं रक्त शुद्ध व्हायचं. दुसरं मशीन घाटापलीकडे. तो प्रवास तिला झेपला नसता.

"उजेडच पाहिजे ना?" सभेतून उठताना बाबा म्हणाले होते. "देऊ की."

तेव्हापासून मालकांना विचारून ते रोज बंद घरांतले दिवे लावत. बाहेरच्या खोलीत पिवळा, स्वयंपाकघरात पांढरा, नांदत्या घरात असतो तसा. "आकाशातून रंग कोण बघतंय?" धाकटीने एकदा चिडवलं होतं. "मी बघतो ना," ते म्हणाले होते. आता ती एकेक कुलूप काढायची, कोंदट वासात हात पुढे करून बटण चाचपायची आणि उजेड पडला की क्षणभर थांबायची. मग पुढचं घर.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली. "काय वायरमनबाई, आज कुणाकुणात जीव घातलात?"

"तुम्हाला सोडून सगळ्यांत, काका."

"माझा फ्यूज तुझ्या बापालाही बसवता आला नाही." तो हसला, मग खाली बघत म्हणाला, "अगं, आपलं गाव विकासकेंद्र झालं. दुपारी जाहीर केलं. तो असायला हवा होता."

आईचं मशीन वाचलं होतं. शेवटच्या गल्लीकडे ती जवळजवळ धावतच गेली.

तिथल्या पहिल्या घरात दिवा लागलेला होता. दुसऱ्यातही. तिसऱ्याच्या दाराला नवं कुलूप होतं. तिची चावी आतच जाईना. ती खटपट करत असताना शेजारचं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस अदबीने पुढे आला.

"तुम्ही वायरमनच्या कन्या ना? आता त्रास घेऊ नका. ही घरं आमच्या कंपनीने प्रकल्पासाठी घेतली. सगळीच."

"मालक काही बोलले नाहीत."

"संकोच वाटला असेल त्यांना." त्याचा आवाज मऊ होता. "तुमच्या वडिलांचे उपकारच आहेत. सरकारच्या फोटोंत उजेड भरपूर, प्रत्यक्षात माणूस तुरळक. विकासकेंद्र म्हणून विजेची खात्री, आणि विरोधाला कुणी नाही. अशी जागा शोधून सापडत नाही हो."

"आणि रुग्णालय?"

"राहणार की! कुंपणाच्या आत, आमच्या माणसांसाठी. आईंचंही बघू. फक्त कुंपणाच्या रेषेत एक घर तेवढं उरलंय."

कुणाचं, हे तिने विचारलं नाही.

"मी येतोच तुमच्याकडे," तो म्हणाला. "सावकाश जा, रस्त्यात खड्डे आहेत."

घरी आईने तिचं तोंड बघूनच विचारलं, "काय झालं गं?" धाकटीने आडपडदा न ठेवता सांगितलं. आई भिंतीला टेकून ऐकत राहिली. डाव्या हातावरची सुयांची जागा तिने पदराने झाकली.

"घर दिलं तर मशीन मिळणार?"

"असंच म्हणाला."

"आणि राहायचं कुठे?"

"ते तो बोलला नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही."

बाहेर गाडी थांबली. गाडीची दारं लागल्याचे आवाज आले, एकाहून जास्त.

"खुर्च्या पुढे घे," आई म्हणाली. "माणसांना उभं का ठेवायचं?"

धाकटीने खुर्च्या मांडल्या. दोघी दाराकडे बघत बसल्या. कुणी कडी वाजवली नाही. बाहेरून, भिंतीच्या कडेकडेने, मोजपट्टी सरकत असल्याचा आवाज तेवढा येत राहिला.