मुंगसाच्या ढोलावरची हळद

मी सिनेमाचं पोस्टर बोलतोय, आणि तेही साध्यासुध्या सिनेमाचं नव्हे, चित्रांच्या सिनेमाचं. नट नाही, नटी नाही. हाताने काढलेली चित्रंच पडद्यावर नाचायची. माझ्यावर लाल बंडी घातलेलं मुंगूस आहे. गळ्यात ढोल, आणि तोंडावर असा तोरा की जणू त्याच्याच लग्नाची वरात निघाली आहे.

मी गिरगावातल्या छापखान्यात जन्मलो. दगडावर चित्र उतरवायचं, एकेका रंगाला वेगळा दगड. मागून मांजरपाटाचं जाडं कापड चिकटवलं, म्हणून आजवर टिकलो. मुख्य सिनेमाआधी सात मिनिटं आमचं मुंगूस पडद्यावर धिंगाणा घालायचं, पण लोकांची पावलं थबकायची ती माझ्यापुढे. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे.

तंबूतला सिनेमा म्हसा गावच्या जत्रेला आला, तेव्हा मुरबाडहून सिनेमाची मशीन आणि मला आणलं धाऊ नावाच्या गाडीवानाने, बैलगाडीतून. जत्रा उठताना धाऊने तंबूच्या मालकाकडून मला मागून घेतलं आणि डोंगराखालच्या आपल्या पाड्यावर नेलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत, कुडाच्या भिंतीवर माझी जागा झाली.

पुढे धाऊच्या मुलाचं लग्न निघालं. लग्न धाऊच्याच दारात होतं, म्हणून नवरी रंभाही तिथेच हळदीला बसली आणि वाजंत्र्यांचा पत्ता नाही. ढोल वाजल्याशिवाय हळद लावायची नाही, ही घरची रीत. सगळे खोळंबले. शेवटी रंभाची सासू म्हणाली, "ह्यो ढोलवाला हाय ना घरात? पयला त्याला मान दे गो, मंग तुज्या अंगाला."

रंभाने हळदीचं बोट माझ्या ढोलावर टेकवलं. मला भयंकर राग आला. एवढ्या देखण्या छपाईवर तेलकट हळद! तेवढ्यात नदीपलीकडून खरा ढोल ऐकू आला. झालं, त्या दिवसापासून या घरात पहिली हळद माझी. नवे सोयरे मला कुठला तरी देव समजून हात जोडतात. मी निमूट नमस्कार घेतो.

कुडाचं घर जाऊन पक्कं घर आलं, तरी मी आतल्याच खोलीत राहिलो. रंभा आता म्हातारी झाली आहे. तिची नात रविना वाशिंदला कंपनीत जाते. तिने माझा फोटो मोबाईलवर टाकला आणि मागच्या महिन्यात मुंबईहून प्रशांत नावाचे गृहस्थ आले. जुन्या सिनेमाच्या जाहिराती ते संग्रहालयासाठी जमवतात. ते वाकून माझा कोपरान् कोपरा बघू लागले.

"आजी, या सिनेमाचं रीळ कुठेच उरलेलं नाही," ते म्हणाले. "आता हे पोस्टर तेवढं आहे. आम्ही काचेत लावू. हजारो लोक बघतील."

माझी छाती फुगली. रंभाही हसून म्हणाली, "न्या की मंग."

"फक्त हे पिवळे डाग साफ करावे लागतील."

रंभा भिंतीला धरून उठली. "डाग नाय ते. ही माजी हळद. ही माज्या नणंदेची. आन् ही माज्या लेकीची, भिमीची, हिच्या आयची. रविना पाळण्यात व्हती तवा गेली. येक फोटू व्हता, तो पावसात भिजून गेला. तिचं येवढंच रायलंय माज्यापाशी."

प्रशांतनी ढोलाजवळ नेलेला हात मागे घेतला. "नाही पुसणार," ते म्हणाले. "असंच लावू."

रविना हळूच म्हणाली, "सर, नका नेऊ. पुढच्या महिन्यात माझी हळद हाय."

त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. माझे फोटो काढले, चहा घेतला आणि रिकाम्या हाताने निघाले. मला वाईट वाटलं का? वाटलं. मी मिरवण्यासाठीच छापला गेलोय.

काल रविनाची हळद झाली. ढोलावर जागा पुष्कळ होती. तिने हळदीचं बोट उचललं आणि भिमीच्या ठशावरच ठेवलं. बोट नेमकं त्यात बसलं. आईचा चेहराही आठवत नसलेली ती पोर बोट उचलेना. रंभाने घाई केली नाही, आणि बाहेरच्या वाजंत्र्यांना हाताच्या खुणेने थांबवून धरलं. पडद्यावर कुणाच्याही वाट्याला आला नसेल एवढा मान मला मिळाला.

उद्या मला न्यायला पुन्हा कुणी येईल. माझा फाटका कोपरा सांधा, चुलीची काजळी पुसा, हवं तर मुंगसाची बंडी नव्याने रंगवा. ढोलाला मात्र हात लावू नका. तिथे मायलेकींची गाठ पडली आहे.