परत न आलेल्या आया

आतल्या स्वयंपाकघरात चमचा पडला. फरशीवर दोन उड्या मारून तो थांबला, आणि बाहेरच्या खोलीत श्वास रोखून बसलेल्या तीस-पस्तीस बायकांच्या नजरा एकदमच आजोबांशेजारी बसलेल्या कॉलेजवाल्या ताईंच्या मांडीकडे वळल्या. मांडीवरचं बाळ झोपलेलंच होतं. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"पाहिलंत?" आजोबा हळूच म्हणाले. "याला म्हणतात दोरा."

खोलीभर सुस्कारा फिरला. कोणी डोळे पुसले. दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती आणि त्या रांगेत निदान सहा बाळं रडत होती.

आजोबांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. रडक्या बाळाच्या घोट्याला ते पांढरा दोरा बांधत, त्यावर फुंकर घालत. एक्केचाळीस दिवसांत बाळ शांत. पैशाला हात लावत नसत. गर्दी दिसली की त्यांचं पोट भरे. नियम तीनच. दोरा भिजू द्यायचा नाही, सुटू द्यायचा नाही, आणि आईनं बाळावर मनातल्या मनातही चिडायचं नाही.

"तुम्ही चिडलात की दोरा विझतो," ते समजावत. "विज्ञानच आहे हे. आईच्या मनातून लहरी निघतात, त्या दोऱ्यातल्या लहरींना आडव्या जातात. मोबाइलची रेंज जाते ना, तसं."

रेंज सगळ्यांचीच जात असल्यामुळे हे सगळ्यांना पटे.

"आज आपल्या कॉलेजवाल्या ताई मोजून सांगणार आहेत," आजोबा म्हणाले. "मी सांगितलं तर म्हणाल, म्हातारा फुशारकी मारतो."

ती बाळाला खांद्यावर घेऊन उठली. कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवायची. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. आजोबांकडे परत आलेल्या प्रत्येक घराची तिनं नोंद केली होती. "बासष्ट घरं परत आली," तिनं वाचलं. "त्यांतल्या एकोणसाठ घरांत रडणं थांबलं किंवा निम्म्यावर आलं."

टाळ्या पडल्या. पुढेच तिच्या वरच्या मजल्यावरची शिवणवाली बसली होती. पहिलटकरीण, दोन महिन्यांचं बाळ छातीशी. आकडा ऐकून तिनं मान डोलावली आणि बाळाचा पाय आजोबांपुढे केला.

वाचून ती खाली बसली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. कारण तिला दोन गोष्टी माहीत होत्या.

दरवर्षी पहिल्या आठवड्यात ती फळ्यावर दोन रकाने आखायची. डावीकडे उपाय केलेले, उजवीकडे न केलेले. "उजवा रकाना रिकामा असेल तर डाव्याला काडीची किंमत नाही," असं म्हणून मुलांकडून ते वहीत लिहून घ्यायची. आज वाचलेल्या यादीला एकच रकाना होता.

दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. तिच्या बाळाच्या पायातला दोरा आजोबांचा नव्हताच.

सहाव्या आठवड्यात बाळ रोज संध्याकाळी तीन-तीन तास रडायचं. आजोबांचा दोरा बांधला, आणि दहाव्या दिवशी तिचा तोल गेला. "गप्प बस रे एकदाचा," ती ओरडली. त्याच संध्याकाळी अंघोळ घालताना दोरा सुटला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. शिकलीसवरलेली बाई, पण नियम मोडल्याचं कोणाला कळू नये असं तिला वाटलं. तिनं सात वर्षांच्या मुलीला शिवणाचा डबा आणायला सांगितलं.

"आई, हा तर बटणांचा दोरा," मोठी म्हणाली.

"असू दे. कुणाला सांगू नकोस."

मोठीनं गुपित इमानानं पाळलं. बाळ चौथ्या महिन्यात हसतंखेळतं झालं, आणि आईनं स्वतःच्या यादीत, एकोणसाठांत, त्यालाही धरलं.

त्या बैठकीनंतरच्या पंधरवड्यात वरच्या शिवणयंत्राचा आवाज थांबला. फक्त रडणं ऐकू यायचं. जिन्यात शिवणवाली भेटली की ती विचारायची, "कसं आहे गं बाळ?"

"बरंय, ताई." शिवणवाली पायऱ्यांकडे बघत उत्तर द्यायची.

मग एका सकाळी रडण्याचं कण्हणं झालं. ती धावत वर गेली. बाळानं हिरवी उलटी केली होती. शिवणवाली भिंतीला टेकून बसली होती.

"दोरा भिजला होता, ताई. आणि मी चिडलेसुद्धा. कोणत्या तोंडानं सांगू आजोबांना?"

तिनं बाळाचा लंगोट सोडला. जांघेत लिंबाएवढी कडक गाठ होती.

बाळ वाचलं. पण आतड्याचा तुकडा काढावा लागला. "हर्निया होता, त्यात आतडं अडकलं. गाठ चार दिवसांची आहे म्हणता," डॉक्टर म्हणाले. "पहिल्याच दिवशी आणलं असतं, तर बहुतेक कापावं लागलं नसतं इतकं."

बाहेरच्या बाकावर शिवणवाली बाळाचं दुपटं घडी करत बसली होती. मग म्हणाली, "तुम्ही मोजून सांगितलं होतंत ना. म्हणून म्हटलं, चूक माझीच असणार."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर लसीच्या प्रत्येक दिवशी ती बाळाला कडेवर घेऊन दवाखान्यात जाऊन बसू लागली. साडेतीन महिन्यांची लस घ्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला ती विचारी: दोरा बांधला होता का? सहाव्या आठवड्यात किती रडायचं, आता किती? दोरा बांधलेली एक्केचाळीस बाळं निघाली. सदतीस शांत झाली होती. न बांधलेली बावन्न, सत्तेचाळीस शांत. इकडे दहातली नऊ, तिकडेही दहातली नऊ.

"अहो, ह्या वयात बहुतेक बाळं आपली आपणच शांत होतात," सुई भरता भरता सिस्टर म्हणाल्या. "त्याला दोरा कशाला? कॅलेंडर पुरतं."

दोरा बांधूनही ज्यांची बाळं शांत झाली नव्हती, त्या चौघींतली एकही आजोबांकडे परत गेली नव्हती. चौघींनीही आवाज खाली आणून तेच सांगितलं: माझंच काहीतरी चुकलं. चमत्कार कुठं घडत होता ते तिला तिथं दिसलं. ज्यांना गुण येई, त्या खोलीत येऊन सांगत. ज्यांना येत नसे, त्या लाजेनं घरी बसत. आणि ती खोलीतल्याच तेवढ्या मोजत आली होती.

पुढच्या बैठकीला ती त्याच जागी उभी राहिली. मोठी शेजारी होती. दोन्ही रकाने वाचून झाल्यावर आजोबा गोड हसले. "आकड्यांत श्रद्धा मावते का, ताई?"

"मागच्या वेळी मावली होती," ती म्हणाली. "तुम्हाला हे पटत नसेल तर चिठ्ठ्या टाकू. आया तयार असतील तर निम्म्या बाळांना तुमचा दोरा, निम्म्यांना दुकानातला. कोणाला कुठला, ते दवाखान्यातल्या सिस्टर लिहून पाकिटांत बंद करतील, बाकी कोणाला माहीत नसेल. एक्केचाळीस दिवसांनी पाकिटं उघडू."

"परीक्षा घेतली की दोरा रुसतो."

"आमचं बाळ रात्रंदिवस रडत होतं, तेव्हाच रुसला असेल मग," मागून कोणीतरी म्हणालं, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच हशा पिकला.

ती हसली नाही. तिनं बाळाचा पाय वर धरला. "हा दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला आहे. खरा दहाव्या दिवशी वाहून गेला. मी बाळावर ओरडलेही होते. तरी बाळ शांत झालं. हे मला माहीत होतं आणि तरी मी तुमच्यासमोर यालाही एकोणसाठांत धरून वाचलं. कारण मला लाज वाटली."

मग जिन्याजवळची एक जण पुटपुटली, "माझाही सुटला होता. मी गाठ मारली परत." दुसरी म्हणाली, "आमचं तर थांबलंच नाही रडणं. मी सांगितलं नाही." एकेक करत सात-आठ जणी बोलल्या. आजोबा दोऱ्याचं रीळ गुंडाळत राहिले. ते आधीच गुंडाळलेलं होतं.

"एवढंच मागते," ती म्हणाली. "अमक्याला गुण आला असं कोणी सांगितलं, तर उपाय न केलेल्यांचं काय झालं ते विचारा. जी परत आली नाही, तिच्या दारात जा. आणि बाळ रडायचं थांबत नसेल, तर आधी दवाखान्यात न्या. चूक कोणाची ते नंतर बघू."

घरी येताना जिन्यात मोठीनं तिचा हात धरला. वरच्या मजल्यावर यंत्र अजून बंदच होतं. तीन पायऱ्या चढून मोठी थांबली.

"आई, त्या दिवशी तू ते एकोणसाठ वाचलं नसतंस, तर वरच्या काकूनं बाळाला पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं का?"