छपरावरचे दोनशे दहा किलो

"थांबा! मॅडम, थांबा! गाडी कलून राह्यली!"

मागच्या वर्षी मी असं ओरडायला लाजले असते. यंदा लाजबीज सगळं दहावीतच सोडून आले आहे.

केळझरच्या टेकडीवर चारुता मॅडमची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप उतारावर आडवी उभी होती. खालची चाकं मुरमात रुतलेली आणि वरच्या बाजूचं मागचं चाक जमिनीपासून चांगलं चार बोटं उचललेलं. मॅडमनी धीर सोडला नाही. स्टिअरिंग उताराकडे वळवलं आणि गाडी अलगद खाली आणली. शेजारच्या सीटवर माझे बाबा, जाम गावचे रूपराव मेकॅनिक, बारदान्यावर बसलेले. आपल्या तेलकट कपड्यांचा डाग गिऱ्हाइकाच्या सीटला लागू नये म्हणून ते आधी बारदाना पसरतात, मग बसतात. तीस वर्षं झाली, त्यात खंड नाही.

मॅडम सिंदी मेघेला राहतात, कॉलेजात गणित शिकवतात. येत्या सोमवारी मैत्रिणीला घेऊन त्या हिमालयात स्पितीला निघणार होत्या, म्हणून छपरावर सगळं सामान बांधूनच आज गाडीची चाचणी होती.

"रूपराव, राग मानू नका," त्या उतरत म्हणाल्या. "इथे खाली मुरूम आहे, तिथे दरी असते. गाडी मी उद्या नागपूरला दाखवते."

"जशी तुमची मर्जी," बाबा म्हणाले आणि बारदान्याची घडी घालू लागले.

मला रडूच आलं. जन्मभर ट्रॅक्टर आणि कापसाचे पिकअप दुरुस्त करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा असं काम मिळालं होतं. महिनाभर ते त्या जीपखाली आडवे होते. नवे स्प्रिंग घातले, पोटाखाली जाड पत्रा बसवला, नाल्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेचा पाइप पार छपरापर्यंत नेला. आमच्या चौकातले लोक म्हणायचे, "ट्रॅक्टरवाल्याले हे जमते का बापा!" आता गाडी नागपूरला गेली की त्यांचंच खरं होणार.

"मॅडम, एक तास द्या," मी म्हणाले. "वाटेत कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा आहे. तिथे जाऊ."

"काऊन व?" बाबा दचकले.

"बाबा, तुमी स्प्रिंग मोजले, टायरची हवा मोजली. छपरावरचं सामान मोजलं का?"

बाबांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे एकदा. "चला."

जिनिंग उन्हाळ्यात बंद असतं, पण काटा सुरू असतो. काट्यावरच्या हरिभाऊंनी खिडकीतून डोकं काढलं. "काय रूपराव, मे महिन्यात कापूस आणला का?"

"नाई हरिभाऊ, मॅडम आणल्या," मी म्हणाले. मॅडम चक्क हसल्या.

भरलेली गाडी सव्वीसशे नव्वद किलो. मग छपरावरचं सगळं उतरवलं. पाण्याचे कॅन, डिझेलचा डबा, हत्यारांची पेटी, जादा चाक, तंबू. छपराचा पत्रा असा तापला होता की बोटं भाजली. पुन्हा काटा केला. चोवीसशे ऐंशी.

"दोनशे दहा किलो वर होतं," मी गाडीचं पुस्तक उघडलं. "यात लिहिलंय, छपरावर पंच्याहत्तर किलोच्या वर ठेवायचं नाही, गाडी कलते."

"दोनशे दहा?" बाबा कॅनकडे बघत राहिले. "एवढुसं तर सामान हाय!"

चूक कुठे होती ते तेव्हा आम्हा बापलेकींना कळलं. कापसाचा ढीग घराएवढा दिसतो आणि वजनाला किरकोळ भरतो. तीस वर्षं कापूस भरलेल्या गाड्या पाहिलेल्या डोळ्यांना पाण्याचे दोन कॅन म्हणजे काहीच वाटलं नाही.

बाबा मॅडमपुढे गेले. "मॅडम, चूक माही हाय. आता मलेच दुरुस्त करू द्या."

मॅडमनी मानेनंच होकार दिला. मग बाबांचे हात चालले! पाणी सीटच्या मागे अगदी तळाशी. हत्यारं त्याला खेटून. चाक आडवं टाकलं, डिझेल मागच्या दाराबाहेरच्या चौकटीत. कापसाच्या गाड्यांना मारतात ती दोराची गाठ त्यांनी प्रत्येक कॅनला मारली. मॅडमनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, कॅन तसूभर हलला नाही. छपरावर उरला फक्त तंबू.

पुन्हा केळझर, पुन्हा तोच उतार. मॅडम खाली उतरल्या आणि किल्ली बाबांपुढे धरली.

"तुम्ही चालवा. मी बाहेरून बघते."

बाबांनी क्षणभर टेकडीकडे पाहिलं. मग किल्ली घेतली आणि चढले.

जीप उतारावर आडवी झाली. मी खाली बसून मागचं चाक बघत होते. जिथे ते मघाशी उचललं होतं तिथे या वेळी मुरूम चेपून पुढे गेलं. चारही चाकं जमिनीवर! मी अशी किंचाळले की मॅडमनी कान झाकले. बाबा टोकापर्यंत गेले, वळवून आले आणि कुणी सांगितलं नसताना तोच उतार पुन्हा एकदा काढला.

"सोमवारी सकाळी सहाला निघते," मॅडम म्हणाल्या. "नागपूरवरूनच जाईन. पण थांबणार नाही तिथे."

बाबा खाली उतरले आणि एकदम मागे वळून सीटकडे बघू लागले. पांढऱ्या कव्हरवर काळा, तेलकट डाग. ते खिशात रुमाल चाचपू लागले.

"राहू द्या रूपराव," मॅडम म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

घडी घातलेला बारदाना कधीपासून माझ्याच काखेत होता.