चुलीतला च

"परत म्हण," दीपिका मॅडम म्हणाल्या.

"ओबासान."

"ऐकलंत? आजीला हाक मार म्हटलं, तर हिनं मावशीला मारली!"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. रंजीता उभीच राहिली.

"मंग आजीले कसं म्हणाचं, मॅडम?"

"लांब म्हणायचं. आणि 'आजीले' नाही, 'आजीला'. आधी मराठी नीट कर, जपानीचं नंतर पाहू."

पुन्हा हसू. रंजीता खाली बसली तेव्हा तिचे कान तापले होते.

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत हा क्लास भरायचा. गुणवंतरावांनी तो काढला होता. जपानमधल्या वृद्धाश्रमांना नर्सिंग शिकलेली मुलं-मुली हवी होती, आणि त्यांना भाषा शिकवायला नागपूरहून दीपिका मॅडम आणल्या होत्या. रंजीता एएनएम झालेली. दुपारी दोनपासून एका खासगी दवाखान्याच्या वॉर्डात ड्युटी, सकाळी क्लास. गावातून यायला जीपमध्ये चौघांच्या जागेत सातवी होऊन बसायचं. तीन महिन्यांत तिनं एक दिवस खाडा केला नव्हता.

त्या दिवशीचा पुढचा शब्द होता काठी. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला आणि वाचला, "सुए."

रंजीतानं पुस्तकातलं अक्षर पाहून म्हटलं, "त्सुए." चूल म्हणताना जो च येतो, तोच तिच्या तोंडातून आला.

"तो गावठी च इथं नको," मॅडम म्हणाल्या. "सुए म्हण."

ती "सुए" म्हणाली.

घरी आल्यावर तिनं मोबाइलवर शोधलं. एक जपानी बाई सावकाश शब्द उच्चारून दाखवत होती. रंजीतानं तो शब्द दहादा ऐकला, मग कानाला लावून आणखी पाचदा. चुलीतला च. स्वच्छ. तिच्या आईचा, आजूबाजूच्या बाया चुलीपुढं बसून बोलतात तो.

इतके दिवस तिला स्वतःचाच राग येत होता. आता तो मॅडमकडं वळला.

पण आजीच्या शब्दात मात्र तिचंच चुकत होतं. तेही तिनं ऐकलं. तिचा बाप डोमा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. तलावातल्या काड्यांनी ते जागोजागी फाटलं होतं. ती त्याच्यासमोर बसली.

"बाबा, मी बोलतो तशी एकेक गाठ मारा."

डोमानं दोरा ओढून घेतला. ओ, बा, सा, न. चार गाठी. मग ओ, बा, आ, सा, न. पाच.

"म्हंजे मावशीले चार गाठी अन् आजीले पाच?" डोमा म्हणाला.

"हो."

"मंग एका गाठीसाठी हासली ते मॅडम? सांगून देल्ली असती."

पंधरा दिवस रंजीता रोज बापाच्या हाताकडं बघत शब्द म्हणत राहिली. आपला आवाज भरून घ्यायची, जपानी बाईच्या आवाजाशेजारी लावून ऐकायची, पुसून टाकायची. सोळाव्या दिवशी पुसावंसं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मुलाखतीची यादी भिंतीवर लागली. जपानहून आश्रमाच्या बाई व्हिडिओवर बोलणार होत्या. अकरा नावं होती. रंजीताचं नव्हतं.

ती गुणवंतरावांच्या टेबलापुढं गेली.

"तुझं काम मस्त आहे, बाई," ते म्हणाले. "पण बोलनं जमून नाई राह्यलं. मॅडमचा रिपोर्ट आहे. बॅचचं नाव खराब होते. पुढच्या बॅचले पाहू."

"मंग तुमी आइका ना. आत्ता बोलतो."

"मले काय समजते त्यातलं?"

"मंग नाव कोनं कापलं?"

"सांगतलं ना, मॅडमनं."

ती तडक वर्गात गेली. सगळे बसलेले होते. तिनं मोबाइल बाकावर ठेवला आणि लावला. जपानी बाईचा आवाज खोलीभर झाला. त्सुए. त्सुए.

"मॅडम, तुमी सुए म्हनता."

आज कोणी हसलं नाही. दीपिका मॅडमच्या हातातला मार्कर तसाच राहिला.

"बंद कर तो फोन. तू मला शिकवणार?"

"नाई. तुमी मले शिकवाले होत्या." रंजीता म्हणाली. "तीन महिने हासल्या. एक बार बी सांगतलं नाई का आजीच्या शब्दातला आ दोन मोजाचा असते. माह्या बापाले शाळा मालूम नाई, त्याले जाळ्याच्या गाठीवर समजलं. चुकलं तं सांगाचं होतं. हासाले काऊन बलावलं आमाले?"

"बाहेर जा," मॅडम म्हणाल्या.

ती गेली. जिना उतरताना तिला वाटलं, कोणीतरी मागून येईल. कोणी आलं नाही.

मुलाखतीत सहा जणी निवडल्या गेल्या. क्लासमधला प्रफुल्ल पुढं कधीतरी स्टँडवर भेटला. म्हणाला, "आता मॅडम बरोबर म्हनते. त्सुए. तू सांगतलं होतं, हे नाई म्हनत."

रंजीतानं जपानी भाषेच्या परीक्षेचा फॉर्म स्वतःच भरला. क्लासला ती परत गेली नाही.

प्रफुल्ल भेटला त्या दुपारी वॉर्डात कुरखेड्याकडची एक म्हातारी होती. नाव बुधरी. खुब्याचं हाड मोडलेलं. तिला गोंडीच येत होती, आणि सोबतचा मुलगा औषधं आणायला गेला होता. ती हात हलवून एकच शब्द म्हणत होती.

"येर. येर."

"काय येर येर करून राह्यली, पाह्य ना," नवी नर्स हसत म्हणाली.

रंजीतानं हातातला ट्रे खाली ठेवला. "हासू नको."

तिनं चादर दाखवली. म्हातारीनं मान हलवली. उशी दाखवली. नाही. पाण्याचा गिलास उचलला तशी म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले. घटाघटा प्याली.

"एर?" रंजीतानं विचारलं.

म्हातारीनं ओठ पुसले, तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि सावकाश म्हणाली, "येर."

"येर."

म्हातारीनं मान डोलावली आणि रिकामा गिलास पुन्हा पुढं केला.